सहा शैली नकोत, दोनच द्या : नाट्यशास्त्र अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या नाट्यशास्त्र अभ्यास मंडळांचे अध्यक्ष आणि सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रमांची फेरमांडणी चालू आहे. नाट्यशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर आराखड्यांत 'अभिनयाच्या शैली' किंवा अशाच अर्थाच्या नावाची प्रात्यक्षिकाची पत्रिका असते. चार क्रेडिट आणि सहा घटक: वास्तववादी अभिनय, संस्कृत नाटक, लोकनाट्य, संगीत नाटक, जर्मन नाटककार ब्रेख्तची शैली, शारीर अभिनय. कागदावर ही यादी भरगच्च दिसते. वर्गात तिचं काय होतं, ते आधी आकड्यांत मांडतो.

प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. चार क्रेडिटांचे १२० तास सहा घटकांत वाटले की एका शैलीच्या वाट्याला २० तास येतात. वेळापत्रक ५० मिनिटांच्या तासिकांचं असेल, तर या २० तासांच्या २४ तासिका झाल्या. कपडे बदलणं, जमीन झाडणं, हजेरी आणि अंग मोकळं करणं यांत प्रत्येक तासिकेतली २० मिनिटं जातात. उरली ३०. म्हणजे एका शैलीला प्रत्यक्षात मिळाले १२ तास. वर्गात २४ मुलं असतील, तर दर मुलाला स्वतः उभं राहून करायला अर्धा तास. अर्ध्या तासात तमाशा! अर्ध्या तासात संगीत नाटक!

एवढ्या वेळात मुलं शैलीची खूण तेवढी उचलतात. तमाशा म्हणजे कमरेवर हात आणि 'अगं बाई'. संस्कृत नाटक म्हणजे हस्तमुद्रा आणि लांबवलेले स्वर. ब्रेख्त म्हणजे गळ्यात पाटी अडकवून प्रेक्षकांकडे रोखून बघणं. परीक्षेच्या दिवशी सगळं रंगीबेरंगी दिसतं, गुणही चांगले पडतात. पण मुलाचा श्वास, वजन टाकण्याची पद्धत, वाक्य संपवण्याची सवय, समोरच्याचं ऐकण्याची रीत, यांतलं काही बदललेलं नसतं. शैली राहते ती याच चार ठिकाणी, आणि सवय बदलायला रोजची आवृत्ती लागते.

म्हणून आमची मागणी एकच आहे. एका सत्रात दोनच शैली ठेवा, त्याही एकमेकींच्या विरुद्ध टोकाच्या. प्रत्येकीला ६० तास द्या, तेही तीन तासांच्या सलग बैठकांत. १२० तासांच्या ४० बैठका होतात. आठवड्याला तीन धरल्या, तर चौदा आठवड्यांत ४२ बसतात, म्हणजे दोन सुट्ट्या पडल्या तरी हिशेब जुळतो. प्रत्येक बैठकीतला अर्धा तास अंग आणि आवाज मोकळा करण्यात गेला, तरी एका शैलीला ५० तास उरतात. वर्गखोल्यांचं भाडं वाढत नाही, शिक्षकांचे एकूण तास वाढत नाहीत. फक्त यादीतली चार नावं कमी होतात. ती पुढच्या सत्रांत घ्या, किंवा सरळ इतिहासाच्या पत्रिकेत टाका. ती तिथे सुखाने नांदतील.

दोन विरुद्ध शैली का, हे एका सरावावरून दाखवतो. चार ओळी घ्या. बाई आणि तिचा रात्री उशिरा घरी आलेला मुलगा.

'आलास?'
'आलो.'
'जेवून आलास?'
'हो. जेवलो तिकडंच.'

वास्तववादी रीतीने करताना पहिले प्रश्न ठरलेले आहेत: किती वाजलेत, स्वयंपाकघरात काय झाकून ठेवलंय, मुलगा खरंच जेवलाय का, बाईला काय हवंय आणि ते तिला सरळ का मागता येत नाही. मुलगा उपाशी आहे आणि ते लपवतोय असं ठरलं, तर 'तिकडंच' हा शब्द त्याच्या तोंडातून घाईने बाहेर पडतो. बाई झाकलेल्या ताटाकडे बघते की बघायचं टाळते, यावर प्रवेश उभा राहतो. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीच्या 'दिलेली परिस्थिती' आणि 'उद्देश' या दोन कल्पना एवढ्यात समजतात, त्यासाठी चाळीस पानांची टिपणं नकोत.

इथे हमखास बिघडतं ते वाक्याचं शेपूट. मालिका आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून आलेली मुलं 'नैसर्गिक' म्हणजे पुटपुटणं असं धरून चालतात आणि शेवटचा शब्द गिळतात. मराठीत हे फार महागात पडतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही तिथेच असतो. 'मी त्या दिवशी तिथे गेलो नव्हतो' यातला 'नव्हतो' दहाव्या रांगेला ऐकू गेला नाही, तर माणूस निर्दोष होता की दोषी हेच उलटं होतं. इंग्रजी पुस्तकांतून उचललेले वाचिक अभिनयाचे सराव या जागी अपुरे पडतात, कारण ते दुसऱ्या वाक्यरचनेसाठी बेतलेले असतात. वाक्य उलटीकडून बांधत यायचं: 'नव्हतो. गेलो नव्हतो. तिथे गेलो नव्हतो. त्या दिवशी तिथे गेलो नव्हतो.' दुसरा सराव असा, की भिंतीपासून सहा पावलांवर उभं राहायचं, वाक्य बोलत चालायचं आणि क्रियापदावर तळवा भिंतीला टेकवायचा. तळवा आधी टेकला की हवा कुठे संपली ते कळतं. दहा दिवस रोज दहा मिनिटं एवढं केलं, तर फरक ऐकू येतो. हे सगळं वर्गातले पंखे चालू ठेवून करा. नाट्यगृहातही निःशब्द शांतता नसते.

आता त्याच चार ओळी बतावणीत, म्हणजे तमाशातल्या सोंगाड्या आणि सरदार यांच्या विनोदी सवालजबाबात.

बतावणीत बाई आणि मुलगा एकमेकांकडे बघून बोलत नाहीत, निदान पूर्ण वेळ नाही. दोघांच्या मध्ये प्रेक्षक आहे आणि मागे ढोलकी आहे. सोंगाड्या 'जेवलो तिकडंच' म्हणतो, समोरचा सरदार विचारतो 'काय जेवलास?', सोंगाड्या म्हणतो 'वारा!', आणि ढोलकीवर थाप पडते. ती थाप म्हणजे विनोदाचं विरामचिन्ह. ती पडायला जागा सोडावी लागते, आणि नवशिक्या मुलांना नेमकी तीच सोडता येत नाही. एकतर ती थापेच्या आधीच स्वतः हसतात, नाहीतर लोक हसले नाहीत तर, या भीतीने लगेच पुढचं वाक्य फेकतात. तिसरी चूक म्हणजे विनोद समजावून सांगणं. तिन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे जिवंत ढोलकीवाला. मोबाइलवरचा ठेका चालणार नाही. ठेका वाजतो पण ऐकत नाही. मुलगा अडखळला तर ढोलकीवाला थांबतो, हात घासून नुसती घुमारी देतो, मुलगा फार पुढे पळाला तर मध्येच थाप मारून त्याला जागेवर आणतो. बतावणीचा निम्मा धडा तो शिकवतो.

पहिल्या आठवड्यात संवाद नकोतच. आठ मात्रांच्या ठेक्यावर नुसतं चालायचं, समेवर (ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर) थांबायचं, थांबल्यावर मान प्रेक्षकांकडे. मग समेवर एक शब्द. मग एक वाक्य, ज्याचा शेवटचा शब्द समेवर पडेल. मग प्रश्न एकाचा, उत्तर दुसऱ्याचं, आणि थाप उत्तरानंतर. या क्रमाने गेलं, तर पाचव्या बैठकीला मुलं जुनी बतावणी पाठ न करताही आपली आपण रचायला लागतात. क्रम मोडून पहिल्या दिवशी वगाची (तमाशातल्या कथानाट्याची) संहिता हातात दिली, तर शेवटपर्यंत वाचनच होतं.

सरदाराचं काम कोणालाच नको असतं, कारण हशा सोंगाड्याला मिळतो. पण दोघांत अवघड काम सरदाराचं आहे. तो जितका गंभीर, जितका खरा, तितका सोंगाड्याचा विनोद उंच जातो. सरदारही हसवायला लागला की बतावणी गेली. दर बैठकीला जोड्यांची अदलाबदल करा आणि गुण देताना सरदाराच्या कामाला सोंगाड्याइतकंच वजन ठेवा.

लावणीबद्दल थोडं, कारण दुखापती इथेच होतात. सिमेंटच्या फरशीवर अनवाणी, पहिल्याच आठवड्यात तासभर घुंगरू बांधून पाय मारले, की नडग्या आणि गुडघे धरतात. लाकडी जमीन नसेल तर जाड सतरंजीखाली चटया घाला. पहिल्या दोन आठवड्यांत पदन्यास रोज वीस मिनिटांच्या वर नको, घुंगरू सुरुवातीला एका पायात पन्नासपेक्षा जास्त नकोत, आणि गुडघा नेहमी किंचित वाकलेला. नऊवारी तिसऱ्या बैठकीपासून नेसायलाच हवी, मुलग्यांनीही एकदा नेसून बघावी. कासोटा घातल्यावर पावलाची लांबी, बसण्याची पद्धत आणि वळण्याचा वेग बदलतो. महिनाभर ट्रॅकपँटवर शिकायचं आणि परीक्षेच्या सकाळी नऊवारी, हा प्रकार बंद व्हावा. आणि अदा रीलवरून उचलू देऊ नका. बैठकीच्या लावणीत बाई बसून एकाच ओळीचा अर्थ पाच-सहा वेगवेगळ्या भावांनी सांगते. तो सराव नटाला नाचापेक्षा जास्त देऊन जातो, आणि त्याला जमीन कुठलीही चालते.

दशावतार हा सिंधुदुर्गाचा आणि गोव्याचा. नटाच्या शिक्षणासाठी हा खजिना आहे, तरी अभ्यासक्रमांत 'लोकनाट्य' या घटकातल्या एका ओळीवर त्याची बोळवण होते. त्याला लिखित संहिता नसते. खेळ सुरू होण्याआधी मंडळीतला जाणता माणूस आख्यान सांगतो, कामं वाटतो, आणि पुढचे कित्येक तास नट आपापले संवाद जागच्या जागी बोलतात. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक बाकडं. ते सिंहासन असतं, डोंगर असतो, पलंग असतो. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज. रंगरंगोटी नट स्वतः करतो, स्त्रीभूमिका पुरुष करतात.

वर्गात हे आणायची रीत अशी. पाच घटनांचं एक पौराणिक कथानक निवडा. दहा मिनिटांत तोंडी सांगा, लिहून देऊ नका. प्रत्येक नटाला तीनच गोष्टी ठाऊक हव्यात: प्रवेश कोणाबरोबर आहे, प्रवेशात काय घडायचं आहे, आणि तो कोणी, कुठल्या वाक्यावर संपवायचा आहे. तिसरी गोष्ट ठरवायची राहिली की प्रवेश मरतो. दोघेही बोलत राहतात, कोणीच बाहेर जात नाही, मृदंगवाला ताटकळतो. उत्स्फूर्त संवादात मुलांची दुसरी सवय म्हणजे भांडण. भांडण सोपं असतं, आवाज चढला की काहीतरी घडतंय असं वाटतं. त्यावर नियम करा, की समोरच्याच्या वाक्यातला एक शब्द उचलून आपलं वाक्य सुरू करायचं. 'आपण मला शब्द दिला होता, राजन्!' 'शब्द? देवी, शब्द देणारा राजा आज या सिंहासनावर बसलेला नाही.' असं केलं की ऐकणं भाग पडतं. वास्तववादी वर्गात 'ऐका, ऐका' म्हणून जे साधत नाही, ते इथे दोन बैठकांत साधतं.

भाषेचा साठा मात्र आधी लागतो. पौराणिक पात्रं भारदस्त प्रमाण मराठीत बोलतात आणि आडदशावतारातला (मुख्य आख्यानाआधीच्या भागातला) संकासुर मालवणीत टोले हाणतो. आजच्या मुलांकडे त्या भारदस्त मराठीतले वीस शब्दही नसतात, म्हणून चार वाक्यांनंतर नारदाच्या तोंडी 'नेटवर्क' येतं आणि स्वस्तात हशा मिळतो. एकदा मिळाला की मग तोच हवासा वाटतो. उपाय जुनाच आहे. श्रीधरस्वामींचे 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचायचे. दशावतारी नटांची पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम अशाच ग्रंथांवर झाली आहे. ओवी वाचल्याने शब्द तर मिळतातच, शिवाय लांब वाक्य एका श्वासात पेलायची सवय होते. प्रत्येकाने वहीत शंभर शब्दांचा साठा करावा: संबोधनं, विशेषणं, शाप, आशीर्वाद, निरोप घेण्याच्या तऱ्हा. मग ती बाई राणी होते आणि म्हणते, 'ये बाळ, ये. तुझ्या वाटेकडे लागलेले हे नेत्र आता कुठे निवले.' तिचा मुलगा खोटं कसं बोलतो, हे बघण्यासारखं असतं. घरातलं 'तिकडंच' इथे चालत नाही. त्याला खोटंसुद्धा राजपुत्राचं बोलावं लागतं.

संगीत नाटकाबद्दल एकच मुद्दा खोलात मांडतो, कारण बाकी गोष्टी गायनाचे शिक्षक आमच्यापेक्षा चांगल्या सांगतील. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आल्यापासून ज्या नटांना लोकांनी डोक्यावर घेतलं, त्यांची करामत नुसत्या गळ्यात नव्हती, बोलण्यातून पदात शिरण्यातही होती. आजचा विद्यार्थी बोलतो, थांबतो, ऑर्गनकडे बघतो, सूर घेतो आणि मग गातो. त्या थांबण्यात पात्र निघून जातं आणि स्पर्धेतला गायक उभा राहतो. कारण बहुतेक वेळा तांत्रिक असतं. पदाची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, साथीदाराच्या सवयीने ठरलेली असते, मुलगे काळी एक किंवा दोन, मुली काळी चार किंवा पाच, आणि संवादाचा शेवटचा शब्द भलत्याच उंचीवर पडलेला असतो. म्हणून आधी संवाद पेटीवर तपासा. शेवटच्या शब्दाचा सूर कोणता येतो ते शोधा, आणि पद तिथून जवळ सुरू होईल अशी पट्टी तरी धरा, नाहीतर संवादातली शेवटची तीन वाक्यं हळूहळू त्या सुराकडे चढवत न्या. ऑर्गनने सूर त्या तीन वाक्यांच्या खालीच धरून ठेवायचा, वाक्य संपल्यावर द्यायचा नाही. 'जेवलो तिकडंच' मधला 'च' जिथे संपतो तिथून आईचं पद उगवलं पाहिजे.

सरावाला पहिल्या आठवड्यात तानांची पदं घेऊ नका, दिंडी घ्या. एका चरणात १९ मात्रा, नवव्या मात्रेवर यती, म्हणजे विराम. चाल सोपी, शब्द स्पष्ट, बोलणं आणि गाणं यांच्या मधली ही पायरी. दिंडी आधी गद्यासारखी बोला, मग मात्रा सांभाळून बोला, मग दोन स्वरांत म्हणा, शेवटी चालीत. माइक या सत्रात अजिबात नको. आवाज बसला आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर मुलाला कान-नाक-घसातज्ज्ञाकडे पाठवा. ज्येष्ठमध चघळत तालीम चालू ठेवणं हा उपाय नव्हे.

ब्रेख्तसाठी वेगळा घटक ठेवायचा हट्ट असेल तर ठेवा, पण 'दुरावा' (प्रेक्षकाला पात्रात वाहून न जाऊ देता विचार करायला लावणं) या शब्दाची व्याख्या पाठ करून घेऊ नका. १९३५ साली मॉस्कोत मेइ लानफांग या चिनी नटाचा अभिनय बघून ब्रेख्तने आपली मांडणी धारदार केली. म्हणजे युरोपातल्या या आधुनिक विचारामागे एक पारंपरिक नट उभा होता. आपल्याकडे नारदीय कीर्तनकार उत्तररंगात, म्हणजे कथेच्या भागात, निवेदक, राजा, राणी आणि भट अशी चार माणसं एका उपरण्यावर करतो आणि मध्येच श्रोत्यांना चिमटाही काढतो. दोन्ही एकच आहेत असं आमचं म्हणणं नाही, हेतू निराळे आहेत. पण पात्रात शिरणं आणि बाहेर येणं हे शरीराने शिकायचं असेल, तर कीर्तनाचा सराव आठ दिवसांत ते देतो. त्यानंतर ब्रेख्तचा स्वतःचा सराव लावा: प्रत्येक वाक्याला 'तो म्हणाला' जोडून, भूतकाळात बोलायचं. 'तो म्हणाला, की तो तिकडंच जेवला.' मुलं हसतात, आणि मग एकदम कळतं की हे वाक्य खोटं आहे हे आता आपण प्रेक्षकांना दाखवतोय.

परीक्षेतला एक प्रश्न मात्र काढूनच टाका. 'नवरस दाखवा.' विद्यार्थी उभा राहतो आणि नऊ चेहरे करतो, दर चेहऱ्याला पाच सेकंद. भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्र' या ग्रंथात रस आठ आहेत, शांत हा नववा पुढे रूढ झाला, हा तपशील बाजूला ठेवू. मूळ चूक मोठी आहे. रस हा नटाच्या चेहऱ्यावर नसतो, तो प्रेक्षकाच्या ठिकाणी निष्पन्न होतो. नटाकडे असतात भाव: आठ स्थायी (टिकून राहणारे), तेहतीस व्यभिचारी (येऊन जाणारे), आठ सात्त्विक (घाम, कंप असे शरीरावर उमटणारे), मिळून एकोणपन्नास. त्याऐवजी विचारायचं असेल तर असं विचारा: एक विभाव, म्हणजे भाव जागवणारं कारण, द्या, समजा दाराबाहेर पावलं वाजतात, आणि शंका, औत्सुक्य, त्रास (दचकणं) असे तीन व्यभिचारी भाव ओळीने येऊ द्या, शब्दाविना, एका मिनिटात. अभिनय येतो की नाही ते त्या एका मिनिटात कळतं.

गुणांच्या वाटणीत शंभरातले चाळीस रोजच्या सरावाचे असावेत. चाळीस प्रयोगाचे. उरलेले वीस एका आयत्या वेळच्या परीक्षेचे: आधी न पाहिलेल्या चार ओळी, दहा मिनिटांचा वेळ, सत्रात शिकलेल्या दोन्ही शैलींत लागोपाठ सादर करायच्या, साथीला वर्गातलाच वादक. इथे पाठांतर आणि वेशभूषा कामाला येत नाही. बाह्य परीक्षक त्या त्या शैलीचा कलावंत असावा. लावणीला वास्तववादी नाटकाच्या दिग्दर्शकाने गुण दिले, तर तो 'खरेपणा' शोधतो आणि ठेका चुकलेला त्याला ऐकू येत नाही.

कोणत्या जोड्या लावायच्या हे विद्यापीठाच्या भूगोलावर सोडा. कोकणाजवळ दशावतार आणि वास्तववादी. पुणे, नगर, सातारा पट्ट्यात बतावणी-वग आणि वास्तववादी. विदर्भात खडीगंमत आणि दंडार ही तिथली लोकनाट्यं शिकवणारी माणसं झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, हाकेच्या अंतरावर असताना तिथल्या मुलांना दुसऱ्या टोकाचा लोकनाट्यप्रकार व्हिडिओवरून शिकवण्यात काय अर्थ आहे?

वेळापत्रकाची एक अडचण आम्हाला मोकळेपणाने मांडायची आहे, कारण तिला सरळ उत्तर नाही. दशावतारी मंडळ्यांचा हंगाम कार्तिकापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत असतो. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि गावोगावच्या जत्रा संपेपर्यंत फिरतात. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात जत्रांतल्या खेळांच्या सुपाऱ्या घ्यायला फडांच्या राहुट्या लागतात, तेव्हा त्यांना तुमच्या सत्राशी देणंघेणं नसतं. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीनंतरचा. म्हणजे शिकवायला हे कलावंत मिळणार ते पावसाळ्यात, त्यातही कोकणातले लावणी उरकल्यावर, ऑगस्टपासून पुढे. (लावणी म्हणजे इथे भाताची.) आणि नेमकं याच दिवसांत विद्यार्थी एकांकिका स्पर्धांच्या तालमींत बुडालेले असतात. त्यातल्या त्यात व्यवहार्य म्हणजे पहिल्या सत्रात सकाळी सात ते दहा ही बैठक पारंपरिक शैलीला द्यावी. स्पर्धेच्या तालमी संध्याकाळी असतात. वास्तववादी शैली त्याच सत्राच्या पहिल्या सहा-सात आठवड्यांत उरकून घ्यावी. प्रत्यक्ष खेळ बघायला दुसऱ्या सत्रात, जत्रेत न्यावं, रात्रभर बसवावं, आणि आल्यावर निबंध मागू नये. बाकड्यावर राजा कोणता पाय आधी ठेवतो, एवढं विचारावं.

शिकवणाऱ्याच्या पात्रतेचा प्रश्न तर तुमच्याच हातात आहे. सेट-नेट नाही म्हणून चाळीस वर्षं ढोलकी वाजवणाऱ्या माणसाला 'पाहुणा' म्हणून दोन तासांचं मानधन आणि नारळ-शाल देऊन परत पाठवलं जातं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या नेमणुकीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत औपचारिक पदवी सक्तीची नाही, आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव पुरतो, आणि अशा जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत भरता येतात. व्यवस्थापन आणि उद्योगांतली माणसं या वाटेने येत आहेत. मृदंगवाला, सोंगाडी आणि लावणीची गुरू यांनी याच वाटेने यावं, असा ठराव अभ्यास मंडळाने करून विद्वत परिषदेकडे पाठवावा.

अंदाजपत्रकात सध्या 'साहित्य व इतर' अशी एकच ओळ असते. वादकाचं मानधन तिच्यात दडवू नका, स्वतंत्र ओळ करा. वीस बैठकांना वादक दर वेळी तोच असावा, कारण मुलांची थांबण्याची जागा त्याच्या हाताला ओळखीची व्हायला चार-पाच बैठका जातात. आणि प्रत्येक बैठकीचे पैसे त्याच दिवशी द्या. हंगाम नसलेल्या महिन्यांत त्याचं घर त्यावरच चालतं.

आपले,
महाविद्यालयांत आणि शिबिरांत अभिनय, आवाज आणि ठेका शिकवणारे काही जण